जुन्या झाडांच्या पायाशी

चैत्राच्या तोंडावर सुरगाणा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर मुक्काम पडला तर पहाटे पाचला उठावं. उजाडायला अजून वेळ असतो, पण मोहाच्या झाडाखाली टोपल्या घेऊन बायका-पोरं वाकलेली दिसतात. झाडावर पान जवळपास नसतं. रात्री उमललेली फुलं पहाटेपासून एकेक करून गळू लागतात आणि ऊन चढेपर्यंत खाली फिकट पिवळा, मऊ थर पडतो. बोटात धरलं तर फूल रसरशीत लागतं. त्याचा गोड, थोडा आंबूस वास कितीतरी वेळ हाताला राहतो. ही फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवलेली असते.

त्या झाडाला कुंपण नाही, भोवती वाफे नाहीत, साधा बाकही नाही. तरी मला ती बागच वाटते. झाड कधी काय करतं हे पक्कं ठाऊक असलेली माणसं तिथं आहेत, झाडाच्या वेळापत्रकावर बेतलेलं काम आहे आणि खालची जमीन मोकळी, श्वास घेणारी आहे. जुन्या घराच्या आवारात जुन्या झाडांभोवती बाग करण्याची जी कला आहे, तिची सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं. या कलेला आपल्याकडे वेगळं नाव नाही. ती शिकवणाऱ्या शाळा थोड्या आणि ती न शिकता केलेल्या बागा पुष्कळ.

सुरगाणा नाशिकपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, गुजरातच्या सीमेला टेकलेला डोंगराळ तालुका. देशमुखांचं हे लहानसं संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं आणि पुढे नाशिक जिल्ह्याचा तालुका म्हणून राहिलं. पलीकडे डांगचं जंगल, सीमेवर सापुतारा, त्याच्या वाटेवर हातगडचा किल्ला. कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांची वस्ती. डोंगरावर साग, ऐन, बिवळा, शिवण, हिरडा, बेहडा. घरांजवळ मोह, रायवळ आंबा, उंबर, चिंच. पावसाळ्यात इथं दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वैशाखात याच तालुक्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर जातात. नार आणि पार या नद्या त्यातलं पुष्कळ पाणी घेऊन पश्चिमेला उतरून जातात. इथं बाग करायची तर या दोन्ही टोकांचा विचार एकाच वेळी करावा लागतो.

अशा मुलखात जुनं घर झाडांशिवाय डोळ्यांपुढे येतच नाही. संस्थानी वाडा असो, जुना डाकबंगला असो, वनखात्याचं विश्रामगृह असो. कौलं उडतात, भिंतींना पोपडे येतात, पण आवारातला आंबा किंवा वड तसाच उभा असतो. अलीकडे या घरांकडे लोकांचं लक्ष वळलं आहे. कोणी वारशाने आलेला वाडा दुरुस्त करतं, कोणी सापुताऱ्याच्या वाटेवर पाहुण्यांसाठी खोल्या बांधतं. घर झालं की ‘आता गार्डन करू’ असं ठरतं, आणि दुसऱ्या दिवशी आवारात जेसीबी येतो. शंभर वर्षांच्या झाडाचं नशीब पुष्कळदा त्या एका सकाळी ठरतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरामागे आजोबांच्या आधीपासूनचा आंबा होता. पावसाळ्यात चिखल होतो म्हणून आम्ही त्याच्याभोवती सगळीकडे फरशी घातली, बुंध्याला लागून सिमेंटचा गोल कट्टा बांधला आणि कट्ट्यात दोन हात माती भरून वर गुलाब लावले. पहिली दोन वर्षं सगळे कौतुक करत. तिसऱ्या वर्षी शेंड्याकडची पानं बारीक आली. चौथ्या वर्षी वरच्या फांद्या वाळल्या. आम्ही खत घातलं, औषध फवारलं, खोडाला गेरू-चुना लावला. सातव्या वर्षी झाड गेलं. कट्टा फोडला तेव्हा मातीत गाडलेली साल कुजून काळी पडलेली दिसली. ज्या दिवशी फरशी घातली त्याच दिवशी झाडाचं मरण सुरू झालं होतं. ते आम्हाला दिसायला चार वर्षं लागली.

जमिनीखालचं झाड

झाडाची मुळं कशी असतात असं विचारलं तर बहुतेक जण वर दिसणाऱ्या झाडाचं उलटं चित्र काढतात. जितकं उंच तितकं खोल. जुन्या झाडाच्या बाबतीत हे खरं नसतं. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतेक सगळी वरच्या दीड-दोन फुटांत असतात, कारण हवा तिथंच असते. मुळांनाही श्वास लागतो. ती खोल जाण्यापेक्षा लांब जातात. फांद्यांचा घेर जिथं संपतो त्याच्याही पुष्कळ पुढे. म्हणजे आपण जिथं गाडी लावतो, वाळूचा ढीग टाकतो, सेप्टिक टँक खणतो, ती जागा आपल्या लेखी झाडापासून दूर असते आणि झाडाच्या लेखी ते त्याचं ताट असतं.

किती जागा सोडायची याचा वृक्षतज्ज्ञ वापरतात तो ठोकताळा सोपा आहे. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, बुंध्याचा घेर टेपने मोजावा. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. त्या व्यासाच्या बारापट अंतर बुंध्यापासून चारी बाजूंना जपावं. एखाद्या मोहाचा घेर अडीच मीटर भरला तर व्यास होतो सुमारे ८० सेंटीमीटर आणि जपायची त्रिज्या साडेनऊ मीटर. गणित केलं तर ही जवळपास तीन गुंठे जमीन होते. एका झाडाची तीन गुंठे! आवाराचा नकाशा काढताना आधी ही वर्तुळं काढावीत. वाट, पाण्याची टाकी, बसायची जागा हे सगळं मग उरलेल्या जागेत बसवावं. नेमकं याच्या उलट होतं म्हणून झाडं जातात.

मातीचं दडपणं हा किती मोठा आजार आहे, हे जगाला एका वादळाने दाखवून दिलं. लंडनमधल्या क्यू इथल्या राजघराण्याच्या जुन्या उद्यानात १७९८ साली लावलेला एक ओक आहे, टर्नर ओक नावाचा. १९८० नंतर तो खंगत चालला होता. १५ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री दक्षिण इंग्लंडमध्ये मोठं वादळ झालं आणि क्यूमधली सुमारे सातशे झाडं पडली. या ओकला वाऱ्याने मुळांसकट हलवून किंचित उचललं आणि पुन्हा जागेवर बसवलं. तो काही टिकत नाही असं समजून माणसांनी त्याला आधार दिला आणि आधी बाकीची पडझड आवरली. तीन-एक वर्षांनी पाहतात तर ओक नव्या जोमाने फुटला होता. लाखो पाहुण्यांच्या पायांखाली दगडासारखी झालेली माती वादळाने मोकळी केली होती. तिथल्या वृक्षविभागाचे पुढे प्रमुख झालेले टोनी कर्कहॅम यांनी त्यावरून धडा घेतला, आणि पुढे क्यूमधल्या जुन्या झाडांखाली दाबलेली हवा सोडून माती सैल करायची पद्धत सुरू झाली.

सुरगाण्यात असं यंत्र आणायची गरज नाही. पाय पडू न देणं आणि पालापाचोळा राहू देणं, एवढ्यावर गांडुळं आणि वाळवी तेच काम फुकट करतात. पडलेल्या पानांचा तीन-चार बोटं जाड थर झाडाखाली पसरावा. फक्त बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी. खोड जमिनीत शिरताना जिथं रुंद होतं तो भाग नेहमी उघडा दिसला पाहिजे. खोड विजेच्या खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं दिसलं तर समजावं की कोणीतरी भराव केला आहे, आणि तो हाताने, खुरप्याने हळूहळू काढावा.

दापोडी आणि गणेशखिंड

जुनं घर आणि त्याची झाडं यांचं नातं महाराष्ट्रात पाहायचं असेल तर पुण्याला जावं. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याने दापोडीला नदीकाठी बंगला बांधला होता. १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो सरकारसाठी घेतला आणि आवारात वनस्पती उद्यान सुरू केलं. १८३८ पासून त्याची देखरेख डॉक्टर अलेक्झांडर गिब्सनकडे होती. हाच गिब्सन पुढे मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून दापोडीच्या झाडाफुलांची चित्रं काढून घेतली. चित्रकाराचं नाव नोंदलं गेलं नाही. चित्रं मात्र आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. बंगला पुढे विकला गेला. एका बागेतलं जे टिकलं ते कागदावर टिकलं.

नवा बंगला झाला गणेशखिंडीत. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या काळात १८६४ मध्ये काम सुरू झालं, वास्तुरचना जेम्स ट्रबशॉची, आणि १८७१ मध्ये इमारत पुरी झाली. खर्च इतका वाढला की पार्लमेंटपर्यंत टीका गेली. २२ जून १८९७ च्या रात्री इथल्याच मेजवानीहून परतताना रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. १९४९ साली ही वास्तू पुणे विद्यापीठाला मिळाली, डॉ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले. आज चारशेहून अधिक एकरांच्या त्या आवारात मुख्य इमारतीच्या आसपास फिरताना मनोऱ्याआधी वडांकडे लक्ष जातं. पारंब्या खाली टेकून त्यांचे खांब झालेले आहेत आणि विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्या त्यांच्या सावलीत वाचत बसल्या आहेत.

एवढी मोठी इमारत सात वर्षांत उभी राहिली. तिच्यावरची सावली मात्र शतकभर वाढत होती. उद्या इमारतीला काही झालं तर जुने नकाशे काढून, दगड घडवून ती पुन्हा उभी करता येईल. वड गेला तर दीडशे वर्षं थांबावं लागेल. म्हणून जुन्या आवारात हात घालताना मोलाचा क्रम उलटा लावावा, असं मला मनापासून वाटतं: झाड आधी, बाग त्यानंतर आणि इमारत शेवटी. गणेशखिंडीजवळचंच १८७३ साली सुरू झालेलं वनस्पती उद्यान, सुमारे ३३ हेक्टरचं, २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. बागेलाही वारसा म्हणायचं असतं हे सरकारदरबारी तरी मान्य झालं, ही समाधानाची गोष्ट आहे.

एक वर्ष नुसतं बघायचं

आता सुरगाण्यातल्या आवाराकडे परत येऊ. वाडा जुना, पुढे दोन आंबे, मागे मोह, कुंपणाकडे सागाची रांग, कोपऱ्यात वड. अशी मांडणी इकडे सहज दिसते. इथं पहिलं वर्ष काहीही लावू नये. वही घ्यावी आणि लिहावं. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावली कुठं पडते, हे पौषात एकदा, वैशाखात एकदा आणि श्रावणातल्या उघडिपीत एकदा. पाणी कुठून येतं, कुठं साचतं. कोणती फांदी कुठल्या वाऱ्यात वाजते. कोणत्या झाडाची पानं कधी गळतात.

ही शेवटची नोंद इथं फार महत्त्वाची. साग आणि मोह पानगळीची झाडं. फाल्गुन-चैत्रात, सावलीची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ती उघडी होतात. सागाखाली सुंदर बैठक बांधून एप्रिलमध्ये तिथं बसायला गेलेल्या माणसाच्या डोक्यावर थेट ऊन येतं. आंबा मात्र बारमाही हिरवा. तेव्हा उन्हाळ्याची बैठक आंब्याखाली, हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हाची सागाखाली आणि मोहाखाली काहीच नको. तिथं फुलं पडू द्यावीत आणि वेचणाऱ्यांची वाट मोकळी ठेवावी. फुलं स्वच्छ मिळावीत म्हणून पुष्कळ ठिकाणी खालचा पाला जाळतात. त्याने बुंधा भाजतो आणि वरची बारीक मुळं मरतात. त्याऐवजी जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर फूलही निर्मळ मिळतं आणि झाडही राहतं.

सागाचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवावा. त्याच्या पसरट पानांवर पावसाचं पाणी गोळा होऊन मोठमोठे थेंब उंचावरून खाली आपटतात. खाली उघडी जमीन असेल तर माती उडते, वाहते, मुळं उघडी पडतात. दोन हजार मिलिमीटर पावसात हे नुकसान लहान नसतं. सागाखाली झाडलोट करून लख्ख अंगण ठेवण्याची हौस आवरावी; तिथं पाचोळा हवा आणि जमिनीलगतची झुडपं हवीत.

हिरवळीचं, म्हणजे लॉनचं, काय करायचं? माझं उत्तर सरळ आहे: जुन्या झाडाखाली लॉन नको, आणि सुरगाण्यात तर नकोच. लॉनला भर ऊन लागतं, ते झाडाखाली नाही. रोज पाणी लागतं, ते उन्हाळ्यात गावाला प्यायला नसतं. उन्हाळ्यात कोरडं राहायची सवय असलेल्या मोहाच्या, सागाच्या मुळांशी रोज ओल ठेवली तर त्यांना बुरशी धरते. ज्या तालुक्यात वैशाखात हंडाभर पाण्यासाठी चालावं लागतं तिथं हिरवळीवर फवारा उडवणं हे माझ्या मनाला पटत नाही.

मग लावायचं काय? इथल्या जंगलाने हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे. मृगाचा पाऊस पडला की झाडांच्या सावलीत जमिनीतून आपोआप जे वर येतं तेच या बागेचं पीक. शेवळं, रानहळद, पेव, कळलावी, दिंडा, तेरडा, नेचे. रानहळदीची गुलाबी-जांभळट तुऱ्याची फुलं सावलीत लख्ख उठून दिसतात. कळलावीची लाल-पिवळी फुलं उलट्या ज्वाळेसारखी फुलतात, पण तिचा कंद विषारी, म्हणून मुलांच्या वाटेपासून दूर. कंदांचा मोठा फायदा हा की पावसाळा संपला की ते जमिनीत झोपतात आणि उन्हाळाभर थेंब मागत नाहीत. झुडपांत अडुळसा, मुरुडशेंग, भारंगी. वेलींत कुसर, जिची पांढरी फुलं उन्हाळ्याच्या संध्याकाळी दरवळतात. घराच्या ओट्याजवळ, जिथं सांडपाण्याची ओल असते तिथं सोनटक्का आणि अबोली. ही रोपं खणून लावताना कुदळ नको. खुरप्याने मुळांच्या मधल्या पोकळीत मूठभर जागा करावी आणि लहान रोप लावावं. मोठं रोप लावायला मोठा खड्डा लागतो, आणि जुन्या झाडाखाली मोठा खड्डा म्हणजे तुटलेली मुळं.

वाट, पार आणि टेकू

बांधकामाचं एक सूत्र सुतार-गवंड्यांना समजावून सांगावं: या आवारात सगळं जमिनीच्या वर, जमिनीत कमीत कमी. वाटेसाठी पाया खणू नये. पाल्याच्या थरावर वाळू, वाळूवर सपाट दगड, सांधे उघडे, सिमेंट नाही. पाणी आणि हवा सांध्यांतून खाली जातात आणि मूळ फुगलं तर दगड थोडा उचलून पुन्हा बसवता येतो. बैठकीला चौथरा न बांधता लाकडी फळ्या चार पायांवर ठेवाव्यात. पायांचे खड्डे हाताने खणावेत आणि खणताना अंगठ्याएवढं किंवा त्याहून जाड मूळ लागलं तर ते न तोडता खड्डा हातभर सरकवावा. माणूस सरकू शकतो, मूळ सरकू शकत नाही.

पाराबद्दल लोक हटकून विचारतात. गावोगावचे जुने पार झाडांना मारत नाहीत, मग आमचाच का? जुने पार बहुधा वडा-पिंपळाला असतात, दगड चुन्याशिवाय रचलेले असतात आणि त्यांच्या फटींतून पाणी वाहतं. वडाची जात पारंब्यांची. भराव पडला तर त्यात नवी मुळं सोडायची ताकद तिच्यात आहे. आंब्याला आणि मोहाला ती नाही. म्हणून पार हवाच असेल तर वडाला, तोही कोरड्या दगडांचा.

वडाच्या पारंब्यांचंही एक कसब आहे. लोंबणाऱ्या कोवळ्या पारंबीखाली आतून पोकळ केलेला बांबू उभा करायचा, त्यात माती भरायची आणि पारंबी त्यात सोडायची. ओल राहिली की ती जमिनीपर्यंत पोचते, जाड होते आणि वरच्या लांब फांदीला कायमचा खांब मिळतो. सुरगाण्यात बांबूला तोटा नाही आणि बांबू कापणाऱ्या हातांनाही. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मुख्य खोड बुरशीने कुजलं म्हणून १९२५ साली काढून टाकावं लागलं. झाड आजही आपल्या हजारो पारंब्यांवर उभं आहे. आंब्याच्या आडव्या, जड फांदीला मात्र बाहेरून टेकू द्यावा लागतो. सागाचा दुबेळका खांब आणि फांदी टेकते तिथं काथ्याची गादी. तार गुंडाळू नये. तार वर्षागणिक सालीत रुतते आणि फांदीचा गळा आवळते. लग्नसमारंभात दिव्यांच्या माळांसाठी खोडाला ठोकलेल्या खिळ्यांचंही तेच.

म्हातारपण म्हणजे रोग नव्हे

जुन्या झाडाला पाहून नवखा माणूस घाबरतो. खोड पोकळ आहे, फांदी वाळली आहे, वर काहीतरी वाढलं आहे. यातलं काय चिंतेचं आणि काय नाही हे ओळखणं हा या कलेचा गाभा आहे. खोडाचा गाभा तसाही निर्जीव लाकडाचा असतो. झाडाचा जीव सालीच्या आतल्या पातळ थरात असतो. म्हणून पोकळ झाड कैक वर्षं ठणठणीत जगतं आणि त्या ढोलीत पिंगळा, पोपट, धनेश संसार करतात. ढोलीत सिमेंट भरू नये. सिमेंट वाकत नाही, झाड वाऱ्यात वाकतं, आणि मधल्या फटीत ओल साचून कूज वाढते. वाळकी फांदी वाटेवर असेल तर कापावी, नसेल तर सुतारपक्ष्याला ठेवावी. कापताना ती खोडाला मिळते तिथला फुगीर कंगोरा सोडून कापावी, म्हणजे जखम झाड स्वतः भरतं. वरून डांबर थापायची गरज नाही.

आंब्याच्या फांदीवर वाढलेली आमरी आणि बांडगूळ यांत पुष्कळ जण गल्लत करतात. आमरी फक्त आसरा घेते, झाडातलं काही खात नाही. जेठ-आषाढात तिचे तुरे लोंबतात तेव्हा झाडाने गजरा माळल्यासारखं दिसतं. तिला हात लावू नये. बांडगूळ फांदीत मूळ घुसवून रस पितं. ते मात्र फांदीसकट, त्याच्या खालून कापावं. खोडातून भुसा गळताना दिसला तर भिरूड आत शिरलं आहे असं समजावं आणि लगेच जाणकाराला दाखवावं. बुंध्याशी कडक, फळीसारखी छत्री उगवली तर मुळं आतून कुजत असण्याची शक्यता असते; अशा झाडाखाली माणसांची बैठक ठेवू नये.

काही झाडांखाली शेंदूर लावलेला दगड किंवा वाघदेवाचं लाकूड असतं. वाघबारशीला तिथं गाव जमतं. बागेचा नकाशा करताना ते हलवायचा विचारही करू नये. त्या झाडाला आजवर कुऱ्हाड लागली नाही ती त्या दगडामुळे. आणि कायदाही झाडाच्या बाजूने आहे. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, मोह, आंबा, हिरडा यांची नावं आहेत. परवानगीवाचून ती तोडता येत नाहीत. शहरांसाठीच्या कायद्यात २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं गेलं. पण कायदा तोडण्यापासून वाचवतो. फरशीखाली हळूहळू गुदमरून मरणारं झाड त्याच्या नजरेला सहसा पडत नाही. तिथं मालकाची समज हाच कायदा.

शेवटचं काम पुढच्या शंभर वर्षांचं. जुन्या झाडाचा वारस त्याच्या फांद्यांच्या घेराबाहेर, पण त्याच आवारात लावावा. रायवळ आंब्याचा बाठा पावसाच्या सुरुवातीला थेट जागेवरच रुजवावा, म्हणजे सोटमूळ मोडत नाही. मोहाची बी फार दिवस टिकत नाही. फळ पडलं की ताजीच पेरावी. दर पाच वर्षांनी एक रोप जगलं तरी पुरे. आवारात म्हातारं, प्रौढ आणि पोर अशी तीन वयांची झाडं एकदम दिसली की बाग पुरी झाली असं मी म्हणेन.

तुमच्या गावाकडच्या घरामागे, वाड्याच्या पडवीपुढे, देवळाच्या आवारात असं एखादं झाड असेलच. येत्या सुट्टीत टेप घेऊन त्याचा घेर मोजा, बारापट अंतरावर चुन्याने वर्तुळ ओढा आणि त्या वर्तुळात फरशी, भराव, गाडी आणि कुदळ यायची नाही असं घरातल्या सगळ्यांना सांगा. बुंध्याशी सिमेंट असेल तर ते या दिवाळीनंतर हलक्या हाताने फोडून काढा. आमच्या आंब्यासाठी हे सांगायला कोणी आलं नव्हतं. तुमच्या झाडासाठी अजून वेळ आहे.